घाटमाथ्याचा डॉक्टर

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा आणि इस्पितळांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. लस कोणीं शोधली, अमुक शस्त्रक्रिया प्रथम कोणीं केली, कॉलेज कोणत्या सालीं निघालें, या गोष्टी त्यांत येतात आणि त्या याव्यातही. परंतु रोगी आणि औषध यांच्यामधलें अंतर कोणीं तोडलें, कसें तोडलें आणि त्याचा खर्च कोणीं सोसला, हा प्रश्न त्यांत क्वचितच विचारला जातो. शहरांत हें अंतर चार गल्ल्यांचें असतें. डोंगरांत तें एका रात्रीचें असतें, आणि पुष्कळदां तेवढी रात्र रोग्याच्या हातीं नसते. गेल्या शतकाच्या मध्यास आपल्या घाटमाथ्यावरील खेड्यांत हें अंतर कोण तोडीत होतें, व त्याचें पुढें काय झालें, याचा थोडा विचार गगनबावड्याचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून येथें करावयाचा आहे.

गगनबावडा हें कोल्हापूरपासून पश्चिमेस सुमारें चौतीस मैलांवर, सह्याद्रीच्या अगदीं कडेवर वसलेलें गांव. डोक्यावर गगनगड, पायाशीं कोंकण. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट येथूनच खालीं उतरतात. कोल्हापूर संस्थानांत ही पंत अमात्यांची जहागीर होती. ‘आज्ञापत्र’कर्ते रामचंद्रपंत अमात्य यांच्या वंशजांस बावडेकर म्हणतात तें याच गांवावरून. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. आज गगनबावडा हें तालुक्याचें ठिकाण आहे. मात्र कोल्हापूर जिल्ह्यांतील सर्वांत विरळ वस्तीच्या तालुक्यांत त्याची गणना होते. कोल्हापूर शहरांत वर्षाकाठीं चाळीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. येथें तो दोनशे इंचांहून अधिक पडतो. एवढ्या पावसांत ओढा नदी होतो, पायवाट ओढा होते, आणि डोंगराच्या कुशींतील वाड्या व धनगरवाडे एकमेकांपासून तुटतात. भाताची रोपें लावण्याचे दिवस तेच, आणि हिवताप, हगवण व सर्पदंश यांचे दिवसही तेच.

कोल्हापूर संस्थान वैद्यकाच्या बाबतींत मागासलेलें होतें असें मात्र कोणीं समजूं नये. शहरांतील आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे आजचें छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, एकोणिसाव्या शतकांतच उभें राहिलें. त्याच हॉस्पिटलांतील स्त्रियांच्या विभागाची सूत्रें डॉ. आनंदीबाई जोशी यांस देण्याचें दरबारनें १८८६ सालीं ठरविलें होतें. अमेरिकेहून पदवी घेऊन त्या परतल्या खऱ्या, पण क्षयानें पोखरलेल्या देहानें परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. पुढें शाहू महाराजांच्या प्रोत्साहनानें शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनीं त्याच हॉस्पिटलांत स्त्रीरुग्णांची सेवा केली. तिकडे मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांचें मिशन हॉस्पिटल १८९४ पासून नांवारूपास आलें, आणि दूरदूरचे रोगी गाडीनें तेथें येऊं लागले.

हा ‘गाडीनें’ शब्द महत्त्वाचा आहे. मिरजेहून कोल्हापूरपर्यंतची आगगाडी १८९१ सालीं सुरू झाली आणि कोल्हापुरांतच थांबली. नव्या वैद्यकाचीं मोठीं साधनें रेल्वेच्या अंगास, पूर्वेकडच्या सपाटीवर एकवटलीं. पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यास बैलगाडी, घोडें किंवा माणसाचा खांदा हींच वाहनें राहिलीं. चालवत नसलेल्या माणसास बाजेवर निजवावयाचें, वर घोंगडी किंवा इरलें धरावयाचें आणि चौघांनीं, खांदेपालट करीत, ती बाज गाडीरस्त्यापर्यंत न्यावयाची, हीच त्या काळची रुग्णवाहिका.

म्हणून डोंगरांतील रोगी डॉक्टरकडे उशीरां येई, या तक्रारीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्रथम घरचा काढा, मग जाणत्याची मुळी, मग देवऋषी किंवा भगत, आणि सरतेशेवटीं डॉक्टर असा क्रम असे. शहरी लेखकांनीं यास अज्ञान म्हटलें आहे. अज्ञान त्यांत होतेंच. पण हिशेबही होता. भगत हांकेच्या अंतरावर होता, डॉक्टर दहा मैलांवर. एका रोग्यास न्यावयाचें म्हणजे लावणीच्या ऐन दिवसांत पांचसहा माणसांची दोन दिवसांची मजुरी बुडावयाची. पटकीची सांथ आली कीं मरीआईचा गाडा गांवाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. वस्तुतः त्या रोगांत अंगांतलें पाणी सरतें तें तांतडीनें भरून काढणें हाच उपाय. पण तो करणारा मनुष्य शिवेच्या आंत वेळेवर पोहोंचत नसेल, तर लोकांनीं निदान भय तरी शिवेबाहेर घालविलें, यांत नवल नाहीं. बाळंतपण सुईणीच्या हातीं असे. साधें असेल तर तिचा अनुभव पुरे पडे. मूल आडवें आलें तर तिचा उपाय संपे, आणि बाजेची पाळी येई.

सरकारचा हात या मुलखांत पोहोंचे तो दोन लहान रूपांनीं. एक म्हणजे देवीची लस टोंचणारा कामगार. त्यास खेडुतांनीं ‘देवी डॉक्टर’ असें समर्पक नांव दिलें होतें. दुसरें म्हणजे क्विनीन. पोस्टाच्या कचेऱ्यांतून क्विनीनच्या पुड्या स्वस्तांत विकण्याची योजना १८९२ मध्यें बंगालांत सुरू झाली व पुढें इतर प्रांतांत पसरली. ज्या देशांत दवाखान्यांपेक्षां पोस्टें अधिक, तेथें ही युक्ति शहाणपणाची होती. पण लस व पुडी यांच्या पलीकडील प्रत्येक दुखण्यास मनुष्य लागतो. तो मनुष्य कोण?

तो बहुधा मोठा पदवीधर नसे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्याकडे डॉक्टरांचे दोन वर्ग होते. कॉलेजांतून निघालेला पदवीधर हा एक, आणि मेडिकल स्कूलमधून पदविका घेतलेला ‘लायसन्शिएट’ हा दुसरा. मुंबईचें कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था १९१२ सालीं स्थापन झाली, आणि तिची एल. सी. पी. एस. ही पदविका महाराष्ट्रांतील तालुक्या-तालुक्यांतून पाट्यांवर दिसूं लागली. या शिक्षणास खर्च कमी, काळ कमी. त्यामुळें मध्यम व गरीब स्थितींतील मुलास तें झेपे. शिकून झाल्यावर मुंबई-पुण्यास पदवीधरांशीं स्पर्धा करण्यापेक्षां एखाद्या बाजाराच्या गांवीं दवाखाना थाटणें त्यास सोयीचें वाटे. खेड्यास जो डॉक्टर मिळाला तो बव्हंशीं या व्यवस्थेनें दिला. दुय्यम दर्जाचा म्हणून वरच्यांनीं ज्यास नाक मुरडलें, त्याच्याच दारांत खेडुतांची बैलगाडी उभी राहिली.

त्याच्या दवाखान्याचें चित्र त्या पिढींतील वाचकांस नवें नाहीं. पुढल्या पडवींत बांकडें, आंत एक टेबल, पडद्याआड कंपाउंडर. रोग्यानें घरून आणलेल्या बाटलींत मिक्श्चर भरावयाचें आणि बाटलीवर कात्रे पाडलेली कागदाची पट्टी चिकटवावयाची, म्हणजे निरक्षरासही डोस कळावा. चिखलांत राबून पायांस झालेल्या चिखल्या, खरूज, जंत, वाढलेली पाणथरी, मुदतीचा ताप हा रोजचा व्यवहार. घोणस किंवा फुरसें चावलेला मनुष्य आला कीं दवाखान्यांत लस आहे कीं नाहीं यावर सारें अवलंबून. १९४० च्या सुमारापर्यंत न्यूमोनियाच्या रोग्यापुढें डॉक्टरही जवळजवळ हतबल असे. शेक, शुश्रूषा आणि धीर एवढेंच त्याच्या हातीं. मग सल्फाचीं औषधें आलीं, दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन आलें, आणि १९५५ पासून तें आपल्या पिंपरीसच तयार होऊं लागलें. खेड्यांतील लोकांचा ‘सुई’वरील विश्वास येथून दृढ झाला. त्याचा पुढें अतिरेकही झाला, पण त्याचा आरंभ प्रत्यक्ष वांचलेल्या जिवांपासून झाला हें विसरतां येत नाहीं.

या डॉक्टराचें उत्पन्न हा मात्र नाजूक विषय होय. रोकड पैसा भातपिकाच्या मुलखांत सुगीनंतरच दिसे, आणि दुखणीं येत तीं सुगीच्या आधीं. फी म्हणून तांदूळ, नाचणी, मध, कोंबडी, फणस येत. कधीं नुसता नमस्कार येई. त्यावर संसार चाले, पण मुलांचें शिक्षण चालत नसे. रात्रीं-अपरात्रीं कंदील घेऊन आलेल्या माणसामागून ओढे ओलांडून जावयाचें, आणि परतल्यावर सकाळीं पुन्हां पडवींत गर्दी. सल्ला घ्यावयास दुसरा डॉक्टर नाहीं, रजा घ्यावी तर बदली मनुष्य नाहीं. अशा स्थितींत दहा-वीस वर्षें टिकणाऱ्यांचें कौतुक करावें तेवढें थोडें. पण जे चार पावसाळ्यांनीं कंटाळून शहरांत गेले त्यांस दोष देणेंही न्याय्य होणार नाहीं. ज्या कामाची समाजास गरज आहे, तें एकट्याच्या त्यागावर सोंपवून समाज मोकळा होऊं पाहत होता.

हाच प्रश्न पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, डोंगर, पाऊस आणि विरळ वस्ती यांनीं गांजलेल्या एका प्रदेशांत, पूर्वींच उपस्थित झाला होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे (१८४५) पहिले प्रमुख चार्ल्स मोरहेड हे एडिंबरोस शिकलेले; आपल्या इलाख्यांतील पाश्चात्य वैद्यकावर स्कॉटलंडचें असें ऋण आहे. परंतु ज्या स्कॉटलंडनें जगास डॉक्टर पुरविले त्याच्याच उत्तरेकडील डोंगरांत आणि बेटांत डॉक्टर मिळत नव्हता. कित्येक भागांत मृत्यूचा दाखला द्यावयासही वैद्य पोहोंचत नसे. ब्रिटनमध्यें १९११ सालीं आरोग्यविम्याचा कायदा झाला, पण तो पगारी कामगारांसाठीं. स्वतःच्या तुकड्यावर राबणाऱ्या डोंगरी शेतकऱ्यास त्याचा उपयोग नव्हता. सर जॉन ड्यूअर यांच्या समितीनें १९१२ मध्यें चौकशी केली, आणि १९१३ च्या कायद्यानें वर्षास ४२,००० पौंडांचें अनुदान मंजूर झालें. योजना साधी होती. डॉक्टरास किमान उत्पन्नाची हमी द्यावयाची, प्रवासखर्च द्यावयाचा, राहण्याच्या घराची सोय पहावयाची, परिचारिका द्यावयाच्या. मोबदल्यांत त्यानें कितीही दूरच्या रोग्याकडून ठराविक माफक फीच घ्यावयाची. १९३३ सालीं आयला बेटावरून एका कोळ्यास विमानानें ग्लासगोस नेण्यांत आलें आणि तेथील विमान-रुग्णवाहिकेचा पाया पडला. ५ जुलै १९४८ रोजीं साऱ्या ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हां डोंगरी स्कॉटलंडास तिचा पस्तीस वर्षांचा अनुभव होता. तेथल्या डॉक्टरास आपल्यापेक्षां उच्च पदवी होती म्हणून हें झालें नाहीं. त्याच्या अंतराची किंमत समाजानें भरली म्हणून झालें.

आपल्याकडे हा विचार अगदींच नव्हता असें नाहीं. मद्रास इलाख्यानें १९२४ पासून खेड्यांत वस्ती करणाऱ्या डॉक्टरांस अनुदान देण्यास आरंभ केला. परंतु देशव्यापी विचार झाला तो सर जोसेफ भोर यांच्या समितींत. १९४६ च्या तिच्या अहवालांतील आंकडे वाचतांना आजही मन खिन्न होतें. दर ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर. ब्रिटनमध्यें हेंच प्रमाण हजारास एक. ४३,००० माणसांमागें एक परिचारिका. जन्मलेल्या हजार मुलांपैकीं १६२ मुलें वर्षाच्या आंत दगावत. खाजगी डॉक्टरांपैकीं सुमारें तीनचतुर्थांश शहरांत, आणि लोक मात्र खेड्यांत. दर ४०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र ही समितीची सूचना दूरदर्शी होती, आणि १९५२ पासून समाजविकास योजनेबरोबर अशीं केंद्रें उघडूं लागलीं.

पण त्याच समितीनें आणखी एक निर्णय घेतला. देशांतील नोंदलेल्या सुमारें ४७,५०० डॉक्टरांपैकीं जवळजवळ ३०,००० लायसन्शिएट होते. यापुढें डॉक्टर एकाच दर्जाचा असावा, पदविकेचें शिक्षण बंद व्हावें, असें बहुमत पडलें. अल्पमताचें म्हणणें असें कीं, पुरेसे पदवीधर तयार होईपर्यंत तरी खेड्यांसाठीं हा वर्ग ठेवावा. बहुमताची बाजू लटकी नव्हती. खेडुताच्या जिवास कमी प्रतीचा वैद्य कां, हा प्रश्न स्वाभिमानाचा होता, आणि लायसन्शिएटांना स्वतःलाही दुय्यमपणाचा डाग नको होता. मेडिकल स्कुलांचीं कॉलेजें झालीं, पुण्याचें बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ मध्येंच कॉलेज झालें. परंतु दर्जा उंचावतांना खेड्याकडे जाणारी जी वाट होती ती बुजली, आणि तिच्या जागीं स्कॉटलंडसारखी हमी मात्र उभी राहिली नाहीं. १९४८ चा कामगार राज्यविमा कायदा आला तो कारखान्यांतील कामगारांसाठीं. भात लावणारा शेतकरी त्याच्या बाहेरच राहिला.

नंतरच्या काळांत पुष्कळ चांगलें झालें हें नमूद केलेंच पाहिजे. १९५३ च्या हिवतापविरोधी मोहिमेनें डोंगरी गांवांतील थंडी-ताप ओसरला, १९७५ मध्यें देवीचा शेवटचा रोगी देशांत आढळला, आणि महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी बाजेच्या जागीं आली. खेड्यांत राहून जगास शिकविणारे डॉक्टरही आपल्यांत निघाले. जामखेडास आरोळे दांपत्यानें १९७० पासून गांवच्या निरक्षर बायकांस आरोग्यसेविका केलें, महाडास डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचूदंशावरील उपचाराचें संशोधन करून मृत्यूचें प्रमाण खालीं आणलें. पण मूळ प्रश्न सुटला असें म्हणवत नाहीं. छत्तीसगडनें २००१ सालीं खेड्यांसाठीं तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला व थोड्याच वर्षांत बंद केला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यांत मर्यादित परवान्याच्या आरोग्यसेवकाची तरतूद झाली, आणि १९४६ चाच वाद त्याच शब्दांत पुन्हां उठला.

या वादांत दोन्ही पक्ष डॉक्टर किती शिकलेला असावा हेंच विचारीत आले आहेत. घाटमाथ्यावरच्या रोग्याचा प्रश्न त्याहून साधा आहे: आषाढांतल्या रात्रीं दार ठोठावलें असतां तो गांवांत असेल काय? लायसन्शिएट डॉक्टरानें आपल्या तुटपुंज्या विद्येनिशीं या प्रश्नास वर्षानुवर्षें होकार दिला. त्याचे ग्रंथ नाहींत, पुतळे नाहींत. त्याच्या पेक्षां अधिक शिकलेला डॉक्टर आपण तयार केला ही अभिमानाची गोष्ट होय. त्यास तेथें राहतां यावें असें घर, असा पगार आणि अशी सोबत देणें हें त्या अभिमानाचें राहिलेलें देणें आहे.