मलिद्याची तारीख

परभणीकडे मलिदा म्हटला की पोळी आठवते. गरम पोळी कुस्करायची, गूळ-तूप घालून मळायची आणि मोहरमच्या सवारीपुढे किंवा दर्ग्यात ठेवायची. शब्द फारसी. ‘मालीदन’ म्हणजे चोळणे, मळणे. आपली मालिशही त्याच घरातली. कंत्राटातला मलिदा नंतरचा, त्याला गूळ लागत नाही.

हाच शब्द अलिबागकडे गेला की पोळी सुटते आणि पोहे येतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओला नारळ, वेलची, वर खजूर, केळी आणि हंगामातली फळे. हा बेने इस्रायलांचा मलिदा. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी गावावरून आडनावे लावणारे, घरात मराठी बोलणारे हे कोकणचे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. लग्न, नवे घर, फेडायचा नवस, काहीही असो, एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने मलिद्याचे ताट भरते. प्रार्थना होते आणि झाडाच्या फळाला एक आशीर्वाद, जमिनीच्या पिकाला दुसरा म्हटला जातो. केळ दुसऱ्यात मोडते. घड दिला की त्याचा बुंधा मरतो, म्हणून धर्मशास्त्र त्याला झाड मानत नाही. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

नाव दर्ग्याकडचे, पण वर्षातल्या एका मलिद्याची तारीख फार लांबून आली आहे. यहुदी पंचांगातल्या शेवात महिन्याची पंधरावी, तू बिश्वात. साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येते. त्या सुमारास बेने इस्रायल कुटुंबे अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात. तिथल्या खडकावर एलियाच्या रथाची खूण आहे, अशी श्रद्धा.

मुळात तू बिश्वात हा सण नव्हताच, हिशेबाचा दिवस होता. परभणीच्या जुन्या महसुली कागदांवर फसली सन दिसतो ना, त्याच जातीचा. यहुदी धर्मात काही कर्तव्ये फक्त देवाने दिलेल्या भूमीत, म्हणजे इस्रायलच्या भूमीतच लागू होतात: पिकाचा दशांश काढायचा, सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायचे. या सात वर्षांच्या फेऱ्यात पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी नेहमीच्या दशांशाखेरीज दुसरा दशांश जेरुसलेमला नेऊन खायचा. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी तोच गरिबांना. मग झाडावरचे फळ कुठल्या वर्षाचे? त्यासाठी सीमा हवी. शम्माय आणि हिलेल हे दोन धर्मपंडित. शम्मायच्या शिष्यांनी शेवातची पहिली सांगितली, हिलेलच्या शिष्यांनी पंधरावी. पंधरावी टिकली, तोवर हिवाळ्यातला बराचसा पाऊस पडून गेलेला असतो, हे कारण.

इसवी सन 70 मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडले, बरीच माणसे परदेशी पांगली. अलिबागच्या आमराईवर दशांश नव्हता, शेत पडीक ठेवण्याची सक्तीही नव्हती. कर्तव्य भूमीपाशी राहिले, तारीख मात्र माणसांबरोबर चालत आली. कोकणात तिला एलिया मिळाला, मलिदा मिळाला, नारळ मिळाला. मंदिरातल्या धान्याच्या नैवेद्याची आठवण म्हणून मलिदा आला, असेही जाणकार म्हणतात. मला ते नंतर जुळवलेले वाटते. शब्दच सांगतो की ताट शेजाऱ्यांचे आहे.

1948 नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. मलिदाही गेला. आता त्या ताटातल्या तिथल्या अंजिराला, खजुराला, डाळिंबाला दशांश लागतो. 2021-22 हे सातवे वर्ष होते, तेव्हा कुठल्या बागेतले फळ चालेल हाही प्रश्न आला. पोहे आणि नारळ मात्र बाहेरून येतात. परदेशी मातीतले, म्हणून त्यांना दशांश नाही.