फिल नाईटचा निबंध आणि माझी फाईल

माझा भाचा एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा मालेगावहून त्याचा फोन आला. "मामू, शंभर पानांचं प्रोजेक्ट द्यायचंय. तयार कुठे मिळेल?" मी रागावणार होतो, पण बी.एड.च्या वेळी मीही कृतिसंशोधनाची फाईल एका सीनियरकडून आणून, नावे बदलून जमा केली होती, ते आठवले. मग मी त्याला एक जुनी हकिकत सांगितली.

१९६० च्या दशकाची ती सुरुवात होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात फिल नाईट नावाचा तरुण एमबीए करत होता. फ्रँक शॅलनबर्गर या प्राध्यापकांच्या वर्गासाठी त्याला नव्या धंद्याचा अभ्यास करून निबंध लिहायचा होता. नाईट मुळात धावपटू. ऑरेगन विद्यापीठात तो बिल बॉवरमन यांच्या हाताखाली धावला होता. धावण्याच्या बुटांत तेव्हा जर्मनीचा दबदबा होता: आदी डॅसलरची आदिदास आणि त्याच्या सख्ख्या भावाची प्यूमा. कॅमेऱ्यांतही जर्मनीच पुढे होती, पण कोरियन युद्धात छायाचित्रकारांना निकॉनची भिंगे पसंत पडली आणि जपानी कॅमेऱ्यांनी बाजार काबीज करायला सुरुवात केली. नाईटने एवढेच विचारले, कॅमेऱ्यांत झाले ते बुटांत होईल का?

निबंध वाचला तेव्हा वर्ग कंटाळला होता, एकानेही प्रश्न विचारला नाही, असे त्याने आठवणींत लिहिले आहे. पण प्रश्न त्याच्या पायातल्या बुटांतून आला होता, म्हणून तो त्याला सोडवेना. १९६२ मध्ये एमबीए संपवून तो जपानला गेला. कोबे शहरात ओनित्सुका कंपनीच्या लोकांना भेटला आणि त्यांचे टायगर बूट अमेरिकेत विकायची परवानगी घेऊन आला. १९६४ मध्ये त्याने आणि बॉवरमन यांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून ब्लू रिबन स्पोर्ट्स काढली. नाईट हिशेबनीसाची नोकरी सांभाळत शर्यतींच्या मैदानावर गाडीच्या डिकीतून बूट विकायचा. पहिल्या वर्षाची विक्री होती सुमारे ८,००० डॉलर. हीच कंपनी पुढे नाईकी झाली.

इथे थांबलो असतो तर हकिकत अर्धीच राहिली असती. जपानी मजुरी स्वस्त, हा त्या निबंधातल्या हिशेबाचा पाया होता. पुढे जपान महागला आणि काम आशियातल्या आणखी स्वस्त देशांत गेले. १९९८ मध्ये नाईटला जाहीरपणे कबूल करावे लागले की तुटपुंजी मजुरी आणि जबरदस्तीचा ओव्हरटाइम यांच्याशी नाईकीचे नाव जोडले गेले आहे. बूट कोण विकेल, हे निबंधाने विचारले होते. ते शिवणाऱ्याचे काय, हे विचारले गेले ते तीसेक वर्षांनी, आणि तेही बाहेरच्यांनी.

भाचा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, मी कशावर लिहू?"

"तुझ्या अब्बांचे यंत्रमाग आहेत ना? सूत महागलं की ते का थांबतात, हे त्यांना विचार. आणि माग थांबतो त्या आठवड्यात मजुराच्या घरी काय शिजतं, हे त्याच्या घरी जाऊन विचार. वीस पानं झाली तरी चालतील."

त्याने हो म्हटले आहे. लिहितो का, बघू.

फोन ठेवल्यावर मी माझ्या त्या फाईलचे शीर्षक आठवायचा प्रयत्न केला. वीस वर्षे मुलांना शिकवतो आहे, पण ते काही आठवले नाही.