बिनतारी मेश जाल : वेगवाढ

बिनतारी मेश जालात प्रत्येक नोड शेजारच्या नोडचा डेटा पुढे पाठवतो. नोडला एकच रेडिओ असल्यास घेणे व पाठवणे एकाच चॅनेलवर आळीपाळीने चालते. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यावर वेग साधारण निम्मा उरतो. दोन रेडिओ बसवणे, लगतच्या दुव्यांना वेगळे चॅनेल देणे, दिशादर्शी अँटेना उंचावर लावणे आणि कमी टप्प्यांपेक्षा कमी पुनर्प्रेषणाचा मार्ग निवडणे हे मुख्य उपाय होत. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरमध्ये दूरचित्रवाणीचा ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ पट्टा वापरला. पुणे जिल्ह्यातील आळेफाटा परिसरात मात्र हा पट्टा अडचणीचा ठरतो : जवळच्या खोडद येथील, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण सुमारे १५० ते १४५० मेगाहर्ट्‌झदरम्यान निरीक्षणे करते. २.४ व ५ गिगाहर्ट्‌झचे वायफाय पट्टे या मर्यादेबाहेर आहेत.