शेंकडा किती, आणि कशावर?

नागपुरास सीताबर्डीच्या बाजारांत सणासुदीला कापडाच्या दुकानावर “शेंकडा २० सूट, त्यावर आणखी १०” अशी पाटी लागली, कीं गिऱ्हाइकाच्या मनांत लगेच ३० टक्क्यांचा हिशेब तयार होतो. परंतु १०० रुपयांच्या कापडावर पहिली सूट वजा जातां ८० रुपये उरतात, आणि पुढचे १० टक्के त्या ८० रुपयांवर, म्हणजे ८ रुपयेच होतात. एकूण सूट २८ रुपयांची पडते. दुकानदार खोटें बोललेला नसतो. दोन शेंकड्यांचे पाये निरनिराळे आहेत, एवढेंच गिऱ्हाइकाच्या ध्यानांत आलेलें नसतें. दोन रुपयांचा हा प्रश्न हंसण्यावारी नेतां येईल. पण हाच प्रश्न एके काळीं गांवोगांवच्या रयतेच्या जिवाशीं येऊन भिडला होता.

शेंकड्यानें हिशेब करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत १०० पणांस दरमहा सव्वा पण हें धर्म्य व्याज म्हटलें आहे. म्हणजे सालीना १५ टक्के. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ंत असें उदाहरण आहे, कीं १०० ला एका महिन्यास ५ व्याज, तर १६ ला एका वर्षास किती? उत्तर ९ पूर्णांक ३ पंचमांश. यांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी, कीं मुद्दल कोणतें आणि मुदत किती, हें सांगितल्यावांचून आचार्यांचें गणित पुढें सरकतच नाहीं.

या गणिताचा सर्वांत मोठा व्यवहार मराठी राज्यांत झाला. पेशवे बाळाजी विश्वनाथ १७१९ सालीं दिल्लीहून सनदा घेऊन परतले. त्यांअन्वयें शाहू छत्रपतींस दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई, म्हणजे शेंकडा २५, आणि सरदेशमुखी, म्हणजे शेंकडा १०, असे हक्क मिळाले. चौथाईच्या बदल्यांत बादशाही चाकरीस १५,००० स्वार द्यावयाचे होते.

पुढें चौथाईची वांटणी झाली. तिच्यांतील शेंकडा २५ ‘बाबती’ म्हणून छत्रपतींकडे. शेंकडा ६ ‘साहोत्रा’ म्हणून पंतसचिवांकडे. शेंकडा ३ ‘नाडगौंडा’ म्हणून छत्रपति देतील त्यास. आणि उरलेले ६६ ‘ऐन मोकासा’ म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांस. एखाद्या गांवाचा आकार १,००० रुपये धरला, तर चौथाई २५० रुपये. त्या अडीचशांतून बाबती साडेबासष्ट, साहोत्रा १५, नाडगौंडा साडेसात आणि ऐन मोकासा १६५ रुपये. साहोत्र्याचे ६ टक्के चौथाईवर न धरतां कोणी गांवाच्या आकारावर धरले असते, तर १५ च्या जागीं ६० रुपये मागितले गेले असते! एका गांवावर इतक्या धन्यांचे हक्क, आणि एका धन्याचे हक्क इतक्या गांवांतून विखुरलेले. त्यामुळें तरवार सरदाराच्या कमरेला असली, तरी हिशेबाची किल्ली कारकुनाच्या हातीं राहूं लागली.

परंतु खरा प्रश्न वांटणीच्या पलीकडे होता. हे शेंकडे कशावर धरावयाचे? मराठ्यांची मागणी जुन्या ठराविक आकारावर, म्हणजे ‘तनख्या’वर, असे. सहा सुभ्यांचा हा कागदी आकार सुमारें १८ कोटी रुपयांचा होता. लढायांनीं उजाड झालेल्या मुलखांतून तेवढें उत्पन्न येणें शक्य नव्हतें. वर सांगितलेल्या १,००० रुपये तनख्याच्या गांवीं चौथाई व सरदेशमुखी मिळून ३५० रुपये होतात. गांवाचें प्रत्यक्ष उत्पन्न ५०० वर आलें असेल, तर तेच ३५० रुपये शेंकडा ७० होतात! कागदावर शेंकडा ३५, शेतांत शेंकडा ७०. इतका वसूल बहुधा होत नसे. मग राहिलेली रक्कम बाकी म्हणून उभी राही, आणि त्या बाकीच्या निमित्तानें पुन्हां मागणी करण्यास वाव मिळे.

उलट बाजूचा दाखला नागपूरकर भोसल्यांच्याच इतिहासांत आहे. पहिल्या रघूजींच्या फौजांनीं बंगालवर वर्षानुवर्षें स्वाऱ्या केल्या. अखेर १७५१ सालीं नबाब अलीवर्दीखानानें चौथाईबद्दल सालीना १२ लाख रुपये देण्याचें कबूल केलें. ओरिसाच्या उत्पन्नाची व्यवस्था निराळी झाली. मुर्शिदकुलीखानाच्या १७२२ च्या जमाबंदींत एकट्या बंगालचा आकार सुमारें १ कोटी ४२ लाख होता. त्याचा चौथा हिस्सा साडेपस्तीस लाख होतो. १२ लाख हे शेंकडा साडेआठच पडतात. नांव चौथाईचें राहिलें, पण चौथा हिस्सा कांहीं उरला नाहीं.

पुढें २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीच्या टेकड्यांवर इंग्रज व आप्पासाहेब भोसले यांच्या फौजांची लढाई होऊन राज्याची सूत्रें इंग्रजांकडे गेलीं, आणि १८५४ सालीं तें राज्य खालसा झालें. चौथाईचा हिशेब दप्तरांत बंद झाला. शेंकड्याचा हिशेब मात्र प्रत्येक घरांत चालूच आहे.

वाण्याकडील जिन्नस ८० वरून १०० रुपयांवर गेला तर भाव २५ टक्क्यांनीं चढला. तोच १०० वरून पुन्हां ८० वर आला तर २० टक्क्यांनींच उतरला. रक्कम एकच, पण चढतांना पाया ८० चा व उतरतांना १०० चा. सावकाराचे ‘शेंकडा २’ दरमहाचे असतील, तर सालीना २४ होतात. म्हणून व्याज असो, सूट असो कीं कर असो, शेंकडा किती हें ऐकून समाधान मानूं नये. तो कशावर आणि किती मुदतीचा, हे दोन प्रश्न विचारावे, आणि त्यांचीं उत्तरें मिळाल्यावरच पिशवीचें तोंड सोडावें.