फडकं

तर झालं असं, की गेल्या दिवाळीत आम्ही गाडी घेतली. रंग गडद निळा. (बायको पांढरा घेऊ म्हणत होती. तिचं ऐकायला हवं होतं, पण ते नेहमीचंच.) मे महिन्यातल्या एका रविवारी भर उन्हात बॉनेटकडे सहज लक्ष गेलं आणि पोटात गोळाच आला. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक बारीक गोल ओरखडे, कोळ्याने जाळं विणावं तसे. सहा-सात महिन्यांत!

आधी सोसायटीच्या ग्रुपवर एक तिखट तक्रार टाकली. मग तडक खाली जाऊन गाड्या पुसणाऱ्या काकांना गाठलं आणि पार्किंगमध्ये चार लोकांसमोर आवाज चढवला. काका शांतपणे म्हणाले, "साहेब, फडकं तुम्हीच दिलेलं आहे." बादलीच्या कडेवर ते पिवळं फडकं होतं. एका कोपऱ्यात शिवलेलं कडक, टोकदार लेबल आणि त्यावर ठळक अक्षरात 'मायक्रोफायबर'. दहाचा गठ्ठा स्वस्तात मिळतोय म्हणून मीच आणलेलं.

मी गप्प. पण ग्रुपवरची तक्रार वाचून दोन घरांनी काकांचं काम बंद केलं, हे मला आठवड्यानंतर कळलं.

आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. बग सापडला की मुळाशी गेल्याशिवाय झोप येत नाही, आणि बग आपलाच असेल तर मुळीच येत नाही. पुढचे तीन विकांत मी या फडक्याच्या मागे घालवले. जे सापडलं ते गाडीपेक्षा मनोरंजक निघालं, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात एका प्राण्यापासून. युरोपातल्या आल्प्स पर्वतात शॅमॉय नावाचा, शेळी आणि हरिण यांच्या मधला म्हणता येईल असा एक चपळ प्राणी आहे. त्याचं कातडं माशाच्या तेलात कमावलं की इतकं मऊ होतं आणि इतकं पाणी पितं, की घोडागाड्यांपासून मोटारींपर्यंत चकचकीत वस्तू पुसायला तेच वापरायची पद्धत पडली. पुढे मेंढीच्या कातड्याचा आतला थर तसाच कमावून त्याच नावाने विकला जाऊ लागला. बाबांच्या फियाटच्या डिकीत असा एक तुकडा असायचा. वाळला की पापडासारखा कडक. तो फक्त बाबांनीच हाताळायचा, आम्हा पोरांना पिवळं फ्लॅनेलचं फडकं.

त्या फियाटला पॉलिश करताना आमचं फडकं निळं व्हायचं, हे अजून आठवतं. तेव्हा रंगाचा वरचा थर हाच खरा रंग होता. तो उन्हाने फिका पडायचा, घासला की निघायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. आजच्या गाड्यांवर रंगावरून एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. जगभर तो ऐंशीच्या दशकापासून रुळला. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. काचेसारखा चमकतो, आणि काचेसारखाच ओरखडा लपवत नाही. खाली गडद रंग असेल तर विचारूच नका. म्हणजे बाबांच्या काळी फडकं कसंही चालायचं. माझ्या गाडीला चालत नाही.

आता फडक्याकडे. गंमत म्हणजे हे फडकं पुसण्यासाठी जन्मलेलंच नाही. ते जन्मलं कातड्याची नक्कल म्हणून.

साठच्या दशकात रसायन कंपन्यांना कृत्रिम चामड्याचं वेड लागलं होतं. अमेरिकेच्या ड्युपॉन्टने १९६४ साली 'कॉर्फॅम' नावाचं नकली चामडं मोठ्या थाटात बाजारात आणलं. बूट चकचकीत, पण वापरून पायाचा आकार घेईनात. १९७१ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. नायलॉन ज्यांच्या प्रयोगशाळेत जन्मलं त्या ड्युपॉन्टची ही गत!

जपानमध्ये तोरे या कंपनीत मियोशी ओकामोतो नावाचा शास्त्रज्ञ याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने बघत होता. खरं कातडं मऊ का असतं? कारण ते अतिसूक्ष्म तंतूंच्या जुडग्यांचं बनलेलं असतं. म्हणजे नक्कल करायची तर वरच्या दिसण्याची नाही, आतल्या तंतूची करायला हवी. पण इतका बारीक तंतू थेट ओढायला गेलं की तुटतो. त्याने काय केलं असेल? तंतू जाडच ओढला, पण दोन प्लास्टिकचा. एका प्लास्टिकच्या 'समुद्रात' दुसऱ्या प्लास्टिकची अनेक 'बेटं'. कापड तयार झाल्यावर रसायनाने समुद्र विरघळवून टाकायचा, उरतात फक्त बेटं. मला हे वाचून अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली. अवघड काम थेट करायचं नाही, सोप्या कामात लपवून पार पाडायचं!

हे झालं १९७० मध्ये. त्यातून 'अल्ट्रास्वेड' आलं. १९७२ साली न्यूयॉर्कच्या हॉल्स्टन या फॅशन डिझायनरने त्याचा शर्टासारखा ड्रेस काढला आणि तो तुफान चालला. दिसायला हरणाचं कातडं, आणि चक्क वॉशिंग मशीनमध्ये धुता येणारं. त्याच वर्षी इटलीत तोरेच्या भागीदारीत 'अल्कांतारा' सुरू झाली. महागड्या गाड्यांच्या सीटवर आणि स्टिअरिंगवर दिसणारं ते मखमली अस्तर हेच. म्हणजे श्रीमंत गाडीच्या आतलं अस्तर आणि बाहेरून ती पुसणारं फडकं, दोघं एकाच घराण्यातले.

हे कापड पुसायला उत्तम आहे हे ठळकपणे पुढे आलं ते ऐंशीच्या दशकात, जेव्हा जपानी कंपन्यांनी चष्मे आणि कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी फडकी काढली. यात तोरेबरोबर कानेबो ही दुसरी कंपनी होती. (इंडोनेशियात गाडी पुसायच्या कृत्रिम शॅमॉयला आजही सरसकट 'कानेबो' म्हणतात. आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे तसं.) इथे तंतूची रचना वेगळी होती आणि आपल्या फडक्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. मोसंबं आडवं कापलं की कसं दिसतं? फोडी, आणि फोडींच्या मधले पांढरे पडदे. फोडी पॉलिस्टरच्या, पडदे नायलॉनचे. हा तंतू विणून झाल्यावर कॉस्टिक सोडा, उष्णता किंवा पाण्याचे जोरदार फवारे यांनी फोडायचा. या दोन प्लास्टिकचं एकमेकांशी फारसं पटत नाही, त्यामुळे ती सुटी होतात. गोल तंतूच्या जागी धारदार कडांच्या पाचरी आणि त्यांच्यामधल्या असंख्य फटी. तेल, पाणी, धूळ त्या फटींत खेचली जाते आणि तिथेच अडकून राहते. सुती कापड बहुतेक वेळा मळ नुसता पसरवतं, हे उचलतं.

आणि इथेच माझा बग सापडला.

'मायक्रोफायबर' या शब्दाचा अर्थ एवढाच, की तंतू एक डेनियरपेक्षा बारीक आहे. म्हणजे त्याचा ९००० मीटर लांब धागा एक ग्रॅमपेक्षा हलका. रेशमाचा एक तंतू साधारण एक डेनियरच्या आसपास असतो, यावरून कल्पना करा. पण तंतू फोडलेला आहे की नाही, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. फोडणं हा उत्पादनातला जास्तीचा टप्पा. खर्च वाढतो, वजन थोडं घटतं. तो गाळला तरी लेबलावर मायक्रोफायबर लिहिता येतं, आणि ते खोटंही नसतं! '८०/२०' किंवा '७०/३०' हे आकडेही पॉलिस्टर आणि नायलॉनचं प्रमाण सांगतात, फोडल्याचं नाही. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. ३००चं फडकं दरवाजाच्या कडांना ठीक, शेवटचा हात फिरवायला ४००च्या वरचं लांब लव असलेलं बरं. पण ५००चं न फोडलेलं फडकं हे नुसतं जाड, न फोडलेलं फडकं.

मग ओळखायचं कसं? टेबलावर थोडं पाणी सांडा आणि फडक्याने ढकलून पाहा. पाणी पुढे पळालं तर ते फोडलेलं नाही, जागच्या जागी प्यायलं तर आहे. दुसरी खूण, कोरड्या तळव्यावरून फिरवा, चांगलं फडकं कातडीला किंचित अडकतं. तिसरं म्हणजे कडा बघा. जाड नायलॉनच्या दोऱ्याची शिवण आणि ते लेबल हेच पहिले गुन्हेगार, लेबल उसवून टाका. धुताना फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, तो फटी बुजवतो. सुती कपड्यांबरोबरही नको, त्यांची लव याला चिकटून बसते. उकळतं पाणी आणि इस्त्री तर नाहीच, शेवटी ते प्लास्टिक आहे.

प्लास्टिक आहे, हेही विसरता येत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृत्रिम धाग्याच्या एका कपड्यातून एका धुण्यात १९००हून जास्त तंतू सुटलेले मोजले होते. ते पाणी पुढे नदीलाच जातं. म्हणून मी आता ढीगभर स्वस्त फडकी घेत नाही, मोजकी घेतो आणि टिकवतो. यावर समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

आणखी एक गोष्ट या वाचनात सापडली. २००२ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने रुग्णालयांतल्या मायक्रोफायबर मॉपवर एक पत्रक काढलं, कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिस वैद्यकीय केंद्राच्या अनुभवावरून. तिथली पद्धत साधी होती. एका खोलीला एक स्वच्छ कापड, वापरलेलं पुन्हा बादलीत बुडवायचंच नाही. आता आमचे काका आठवा. सकाळी दीड-दोन तासांत बावीस गाड्या, एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीची वाळू बावीसाव्या गाडीवर. आणि आम्ही गाडीमागे महिन्याला देतो सहाशे रुपये, त्यात रोज पुसून हवी, पाण्याची टंचाई म्हणून कोरडीच. पुण्याची धूळ कोरडी घासली तर जपानच्या सम्राटाचं फडकंसुद्धा ओरखडे पाडेल. म्हणजे फडकं माझं, आणि रोज कोरडं पुसायचा हट्टही माझाच.

ग्रुपवर चूक माझी होती असं लिहिलं. दोन्ही घरी जाऊनही सांगितलं. एका घराने काम परत दिलं. दुसऱ्यांनी तोवर दुसरा माणूस लावला होता.

काकांसाठी सहा चांगली फडकी आणली, एक जास्तीची बादली, आणि आमची गाडी आठवड्यातून दोनदाच, पण भरपूर पाण्याने धुवायची असं ठरवलं. पैसे तेवढेच. देताना मी मोठ्या उत्साहाने तळव्याची परीक्षा करून दाखवायला गेलो. आयुष्यभर की-बोर्ड बडवलेला माझा हात, फडकं त्यावरून गुळगुळीत सरकलं. काका हसले. माझ्या हातातून ते घेऊन त्यांनी स्वतःच्या तळव्यावरून फिरवलं. वर्षानुवर्षं साबणाच्या पाण्याने भेगाळलेला हात, फडकं लगेच धरून बसलं.

"चांगलं आहे साहेब," ते म्हणाले आणि ते वेगळं काढून घडी घालून ठेवलं.