बादशाही छावणी आणि गनिमी कावा

छत्तीस वर्षे आम्ही शाळेत इतिहास शिकविला. 'गनिमी कावा म्हणजे काय?' या प्रश्नास 'डोंगराआडून छापा घालून निसटून जाणे' एवढे उत्तर आम्ही पूर्ण गुणांस पात्र धरीत असू. निवृत्तीनंतर सवडीने वाचू लागलो तेव्हा ध्यानी आले की, ते उत्तर फार तर निम्म्या गुणांचे होते. त्या वेळचे कित्येक विद्यार्थी आज आपल्या ज्ञातीतील कर्ते गृहस्थ आहेत. त्यांच्याकरिता ही दुरुस्ती.

1689 साली संभाजी महाराजांचा वध झाला व रायगडही पडला. राजा आणि राजधानी गेली की राज्य संपले, हा रूढ युद्धाचा हिशेब. परंतु राजाराम महाराज जिंजीस निघून गेले, आणि इकडे संताजी घोरपडे व धनाजी जाधव आपापल्या हिकमतीने लढू लागले. घाव घालावा असे एक मस्तकच उरले नाही. जिंजी घेण्यास झुल्फिकारखानास सुमारे आठ वर्षे लागली. 1698 मध्ये ती पडली, तीही महाराज निसटल्यावर!

मोठ्या सैन्याचे बळ तेच त्याचे ओझे. बादशहाची छावणी म्हणजे चालते शहर: तोफा, हत्ती, बैल, बाजारबुणगे. बैलाच्या चालीने जाणाऱ्याने घोडेस्वारास गाठावे कसे? रसद तोडली की फौज आपोआप खचे. 1695 साली दोड्डेरीच्या गढीत संताजीने कासिमखानास कोंडले. दाणावैरण संपताच फौज शरण आली, खान तेथेच मेला.

किल्ल्यांची हकीकत तर अधिकच उद्बोधक. 1699 च्या डिसेंबरात बादशहा जातीने साताऱ्यास वेढा देऊन बसला. आत किल्लेदार प्रयागजी प्रभू. एप्रिलमध्ये सुरुंग उडाले; पहिल्याने आतील माणसे गाडली गेली, दुसऱ्याने तट बाहेर कोसळून सुमारे दोन हजार मोगलच दडपले. किल्ला मिळाला तो अखेर तहाने. 1702 मध्ये विशाळगडासाठी तर रोख द्रव्य मोजावे लागले, आणि परतताना भर पावसात तीसेक मैलांवरील पन्हाळा गाठण्यास महिन्याहून अधिक काळ गेला. बादशहा एक गड घेई, तोवर दुसरीकडे मराठे मुलूख मारीत.

या पद्धतीस दुसरी बाजूही आहे, ती आम्ही परीक्षेत कधी विचारली नाही. जो तो सरदार स्वतंत्र, म्हणून फितुरी व भाऊबंदकीही मोकळी. संताजी 1697 मध्ये मारला गेला तो रणांगणावर नव्हे, घरच्या वैरातून.

1707 साली बादशहा अहमदनगरास वारला. पुढील वर्षीच्या जानेवारीत साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला.