विज्ञानशिक्षण-संशोधनाचा मशीन लर्निंगद्वारे आढावा

पदवी पातळीवर विज्ञान कसे शिकवावे, यावरील विपुल संशोधन संगणकाच्या साहाय्याने चाळण्याची, वर्गवारी करण्याची व त्यातील कल शोधण्याची पद्धत. एकेक निबंध वाचून केलेले पारंपरिक आढावे सखोल असतात, पण त्यांना फार वेळ लागतो. साहित्य वाढत जाते तशी ही अडचणही वाढते.

डेव्हिड ब्लाय, अँड्र्यू एंग व मायकेल जॉर्डन यांनी २००३ मध्ये मांडलेले ‘लेटंट डिरिक्ले अ‍ॅलोकेशन’ हे मशीन लर्निंगचे प्रतिमान येथे उपयोगी पडते. कोणते शब्द वारंवार एकत्र येतात यावरून ते विषय ओळखते आणि प्रत्येक निबंधातील त्यांचे प्रमाण ठरवते. ओडेन, मारिन व कॅबालेरो यांनी २०२० मध्ये भौतिकीशिक्षण-संशोधन परिषदेच्या २००१ ते २०१८ मधील निबंधांतून असे दहा विषय वेगळे काढले. विद्यार्थ्यांच्या आकलनाच्या गुणात्मक अभ्यासाकडून उदाहरणे सोडवण्याच्या कौशल्याकडे आणि पुढे शिक्षणाच्या सामाजिक-सांस्कृतिक अंगाकडे वळलेला ओघ त्यातून दिसला.

विषयांची संख्या ठरवणे, त्यांना नावे देणे व अर्थ लावणे ही कामे मात्र तज्ज्ञांचीच. शब्दांची वारंवारता संशोधनाचा दर्जा सांगत नाही. म्हणून ही पद्धत वाचनाला पूरक आहे, पर्याय नव्हे.